उजव्या बाजूचे हार्ट फेल्युअर: लक्षणे कोणत्या क्रमाने आणि कशी तपासावीत

पाय सुजले म्हणजे हृदय बिघडले, आणि पाय सुजले नाहीत म्हणजे हृदय ठीक आहे, या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. तरीही बहुतेक घरांत पाहणी पायांपासून सुरू होते आणि पायांपाशीच संपते, तीही संध्याकाळी, दिवसभर उभे राहून किंवा एसटीत पाय लोंबकळत ठेवून घरी आल्यावर, म्हणजे नेमकी अशा वेळी की जेव्हा निरोगी माणसाचे पायही थोडे सुजलेले असतात. त्यामुळे ज्यांना काही नाही ते घाबरतात आणि ज्यांना खरोखर त्रास आहे ते काही आठवडे गॅसच्या गोळ्या घेत बसतात.

हृदयाचा उजवा भाग शरीरातून परतलेले रक्त फुफ्फुसांकडे ढकलतो. त्याची ताकद कमी पडली (यालाच उजव्या बाजूचे हार्ट फेल्युअर म्हणतात), की पुढची मोरी तुंबल्यावर पाणी मागे साचावे तसे रक्त मागच्या शिरांमध्ये साचू लागते. मानेच्या शिरा फुगतात, यकृत रक्ताने जड होते, पोटात आणि पायांत पाणी उतरते. मूत्रपिंडांना रक्तपुरवठा कमी मिळू लागल्यामुळे ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि साठा आणखी वाढतो. डोळ्यांना सूज दिसण्याआधी शरीरात बहुधा काही लिटर पाणी जमलेले असते, म्हणून वजनाचा काटा पायांच्या आधी बोलतो.

पुढे दिलेली तपासणी निदान करण्यासाठी नाही. ते काम डॉक्टरांचे आणि इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे आहे. या तपासणीचा उपयोग एवढाच, की वेळेवर दवाखाना गाठता यावा आणि तिथे "अंगावर सूज येते" एवढेच मोघम न सांगता नीट नोंदी दाखवता याव्यात.

टप्पा १: ही तपासणी कोणासाठी करायची ते ठरवा

उजव्या बाजूच्या बिघाडाचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे डाव्या बाजूचा बिघाड. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली, अनेक वर्षे रक्तदाब असलेली किंवा झडपेचा आजार असलेली व्यक्ती या यादीत सर्वांत वर येते. लहानपणी ताप आणि सांधेसुजीचा आजार होऊन नंतर डावीकडची झडप आकसलेल्या तरुण स्त्रियाही यात मोडतात. त्यांचे वय कमी म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते.

दुसरा मोठा गट फुफ्फुसांच्या जुन्या आजारांचा आहे. यात विडी-सिगारेट ओढणारे पुरुष सर्वांच्या लक्षात येतात, पण वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रिया कोणाच्याच लक्षात येत नाहीत. कधी विडी न ओढलेल्या पासष्टीच्या आजींना धाप लागते तेव्हा घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात; त्यांना फुफ्फुसांचा आजार असू शकतो आणि त्यामुळे उजव्या हृदयावर ताण पडू शकतो, हा विचारही होत नाही. दगडखाणीत किंवा खडी फोडण्याच्या यंत्रावर काम केलेले, टीबीने फुफ्फुसांवर व्रण राहिलेले, आणि मोठ्याने घोरताना झोपेत श्वास अडकणारे स्थूल लोक यांनाही हाच धोका आहे.

उरलेल्यांत जन्मापासून हृदयात छिद्र असलेले, फुफ्फुसांत रक्ताची गुठळी गेलेले आणि टीबीमुळे हृदयाभोवतीचे आवरण जाड व कडक झालेले रुग्ण येतात. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या सुमारे ५ महिन्यांपर्यंतच्या काळात धाप आणि सूज एकत्र दिसली, तर ती "बाळंतिणीची सूज" समजून सोडू नये, कारण या काळात हृदयाचा स्नायू कमजोर होण्याचा एक स्वतंत्र आजार असतो.

सावधान: धाप अचानक लागली असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल, तर वही उघडू नका. थेट टप्पा ८ वाचा.

टप्पा २: साहित्य आणि वही तयार ठेवा

१०० ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा, शिंप्याची टेप, टॉर्च, बॉलपेन आणि एक वही एवढे पुरते. काटा लादीवर किंवा कडक जमिनीवर ठेवावा. सतरंजी किंवा गालिच्यावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो. एकदा जागा ठरली की ती बदलू नये, आणि शेजारच्या किंवा दवाखान्यातल्या काट्यावरचे आकडे या वहीत मिसळू नयेत.

वहीच्या पहिल्या पानावर सगळी औषधे लिहावीत. सगळी म्हणजे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, काढे आणि चूर्णेसुद्धा. हे पान सर्वांत जास्त वेळा कोरे राहते आणि पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण काही औषधे स्वतःच पाय सुजवतात आणि काही औषधे शरीरात पाणी धरून ठेवतात.

पायांसाठी एक खूण करून ठेवावी. गुडघ्याच्या खाली समोर हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली १० सेंटीमीटरवर दोन्ही पोटऱ्यांवर पेनने ठिपका द्यावा आणि पुढची सगळी मापे तिथेच घ्यावीत.

तपासा: रोज तपासणी करणारी व्यक्ती एकच आहे का? एके दिवशी मुलगा आणि दुसऱ्या दिवशी सून माप घेत असेल, तर आकड्यांतला फरक शरीराचा की हाताचा हे कळत नाही.

टप्पा ३: पहाटे, अंथरुणातच पाय आणि कंबर पाहा

पायांची तपासणी सकाळी उठण्याआधी करावी. पाय खाली सोडले की पाणी लगेच घोट्यांकडे उतरू लागते. संध्याकाळी सुजून सकाळी पूर्ण उतरणारी सूज आणि रात्रभर आडवे राहूनही सकाळी टिकून असलेली सूज यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकाराकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे.

घोट्याच्या आतल्या हाडाच्या चार बोटे वर, नडगीच्या हाडावर अंगठा टेकवून १० सेकंद स्थिर दाब द्यावा आणि मग अंगठा उचलावा. अंगठ्याखाली हाड असणे आवश्यक आहे. पोटरीच्या मऊ भागावर दाबले तर कोणाच्याही पायात खळगा पडल्यासारखा वाटतो, आणि घरोघरी होणारी मोठी चूक हीच आहे. टॉर्च तिरपा धरून पाहावे आणि बोटाचे टोक हलकेच फिरवावे, कारण उथळ खळगा डोळ्यांना दिसत नसला तरी बोटाला लागतो. खळगा सुमारे २ मिलिमीटर असेल तर सौम्य, ४ ते ६ असेल तर मध्यम आणि ८ च्या आसपास असेल तर तीव्र, अशी नोंद करावी आणि तो किती वेळात भरला हेही लिहावे. मग दाब वर सरकवत न्यावा: घोटा, नडगीचा मध्य, गुडघ्याखाली, मांडी. सूज कुठवर चढली आहे याची माहिती खळग्याच्या खोलीइतकीच मोलाची असते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे पाय कोरडे दिसू शकतात, कारण पाणी सर्वांत खालच्या भागात उतरते आणि आडव्या माणसाचा खालचा भाग म्हणजे कंबर. अशा रुग्णाला कुशीवर वळवून माकडहाडाच्या वर आणि मांड्यांच्या मागे दाबून पाहावे. पुरुषांमध्ये अंडकोशावर सूज येऊ शकते. संकोचामुळे ती सांगितली जात नाही, म्हणून विचारणाऱ्याने स्पष्टपणे विचारावे.

रोजच्या वापरातल्या वस्तूही खूप सांगतात. जोडवी निघेनाशी होणे, पैंजण रुतणे, मोज्याच्या रबराचा व्रण तासभर न जाणे, जुनी चप्पल एकाएकी घट्ट होणे, परकराच्या नाडीची गाठ पूर्वीपेक्षा अलीकडे बसणे, या गोष्टी तारखेसह वहीत आल्या पाहिजेत.

सावधान: पाय लाल, गरम आणि दुखरा असेल किंवा त्यावर जखम असेल, तर तिथे दाबू नये. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या व्यक्तीला जोराचा दाब कळत नाही, म्हणून तिथे हात हलका ठेवावा.

टप्पा ४: लघवीला जाऊन आल्यावर वजन करा

क्रम असा ठेवावा: उठणे, लघवी, वजन, मग चहा. कपडे रोज साधारण सारखेच असावेत. १ लिटर पाणी म्हणजे सुमारे १ किलो वजन. त्यामुळे तीन दिवसांत २ किलो किंवा त्याहून अधिक वाढ झाली, तर ती खाण्यापिण्याने आलेली चरबी नव्हे, ते साठलेले पाणी आहे असे समजून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. एका दिवसातल्या अर्ध्या किलोच्या चढउताराने घाबरून जाण्याचे कारण नाही. सलग तीन-चार दिवसांचा कल पाहावा.

वजनाच्या बाबतीत दोन गैरसमज फार नुकसान करतात. पहिला असा, की आजारी माणसाचे वजन वाढले म्हणजे तब्येत सुधारली. नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले वडील आठवड्यात ३ किलोंनी वाढले याचा घरात आनंद होतो, आणि तो वाढलेला आकडा डॉक्टरांना सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे: वजन स्थिर आहे म्हणजे सगळे ठीक. दीर्घकाळच्या आजारात दंड, खांदे आणि मांड्या झिजत जातात आणि तितकेच पाणी पोटात व पायांत भरते, त्यामुळे काटा हलत नाही. हात बारीक आणि पोट मोठे दिसू लागले असेल, तर स्थिर वजनावर विश्वास ठेवू नये.

तपासा: वजनानंतर उभे राहून, श्वास सोडल्यावर, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर आणि ठिपक्यांवर दोन्ही पोटऱ्यांचे माप घ्या. दोन पोटऱ्यांमध्ये ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर तो हृदयाचा विषय नसून शिरेतल्या गुठळीचा असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्या पायाला मालीश मुळीच करू नका.

टप्पा ५: मानेची शीर पाहा

घरी केली जाणारी ही सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत बोलकी तपासणी आहे. मानेतली शीर थेट हृदयाच्या उजव्या कप्प्याशी जोडलेली असते, त्यामुळे कप्प्यातला दाब तिथे रक्ताच्या पातळीच्या रूपाने दिसतो. पाय सुजण्याची कारणे डझनभर असतील, पण पाय सुजलेले आणि मानेची शीरही फुगलेली, असे एकत्र दिसले की ती कारणे मोजकीच उरतात आणि त्यांत उजवे हृदय पहिले असते. रोज नाही, तरी आठवड्यातून दोनदा ही पाहणी करावी.

रुग्णाला पाठीमागे उशा लावून अर्धवट रेलून बसवावे. पाठ आणि पलंग यांमध्ये काटकोनाच्या निम्मा, म्हणजे ४५ अंशांचा कोन हवा. सदऱ्याची वरची बटणे काढावीत, मंगळसूत्र किंवा साखळी बाजूला घ्यावी, डोके उशीवर सैल टेकवून हनुवटी किंचित डावीकडे वळवावी. मान ताठ ठेवली तर स्नायू शिरेला झाकतो, म्हणून सैलपणा महत्त्वाचा आहे. टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा धरावा, म्हणजे उजव्या मानेवरची हालचाल सावलीमुळे उठून दिसते. रुग्णाने बोलू नये, कुंथू नये, श्वास रोखू नये. या तिन्हींनी निरोगी माणसाचीही शीर फुगते.

आता उजव्या मानेवर जिथे हलकी थरथर दिसते तिचे सर्वांत वरचे टोक शोधावे. ही थरथर शिरेची आहे की धमनीची, हे आधी ठरवणे आवश्यक आहे. धमनीचा ठोका बोटाला जोरात लागतो, एका ठोक्याला एकदाच उसळतो आणि बसल्या-झोपल्याने बदलत नाही. शिरेची हालचाल डोळ्यांना दिसते पण बोटाला सहसा लागत नाही, बहुधा एका ठोक्यात दोनदा लवलवते, सरळ बसल्यावर खाली उतरते आणि मानेच्या पायथ्याशी हलके बोट टेकवले की नाहीशी होते.

मग मोजमाप. गळ्याच्या खळग्यापासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली सरकवत आणले की सुमारे ५ सेंटीमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. शिरेतल्या थरथरीचे टोक या उंचवट्यापासून सरळ उभ्या रेषेत ३ सेंटीमीटरपेक्षा वर असेल, तर दाब वाढलेला आहे. टेप मानेवर तिरपी न ठेवता उभी धरायची आहे. तिरपी धरली की आकडा फुगतो.

यात एक फसवी जागा आहे. दाब फारच वाढलेला असेल तर शिरेचे टोक जबड्याच्याही वर, केसांत जाते, आणि रेललेल्या रुग्णाच्या मानेवर काहीच हलताना न दिसल्यामुळे पाहणारा "शीर दिसत नाही, सगळे ठीक" असे लिहून मोकळा होतो. म्हणून शेवटी रुग्णाला सरळ ताठ बसवून पुन्हा पाहावे. सरळ बसलेल्या निरोगी माणसाच्या मानेत गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर भरलेली शीर दिसत नाही. तशी ती दिसत असेल, कानाच्या पाळीखाली थरथर जाणवत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

सावधान: मानेच्या दोन्ही बाजू कधीही एकाच वेळी दाबू नका, आणि वयस्कर व्यक्तीच्या मानेतली धमनी चोळू नका, नाडीचा वेग एकदम कमी होऊन चक्कर येऊ शकते. पोट दाबून मानेची शीर पाहण्याची जी चाचणी दवाखान्यात करतात, ती डॉक्टरांवरच सोडावी.

जाड किंवा आखूड मानेत शीर न दिसणे हे सामान्य आहे. अशा वेळी "दिसली नाही" असे लिहावे, "नॉर्मल" असे लिहू नये.

टप्पा ६: पोट, भूक आणि डोळ्यांचा रंग

यकृत रक्ताने भरले की त्यावरचे आवरण ताणले जाते आणि उजव्या बरगडीखाली जडपणा किंवा बोथट दुखणे सुरू होते, जे चालल्यावर किंवा जेवल्यावर वाढते. आतड्यांच्या भिंतींतही रक्त साचल्याने दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटते, मळमळते, अन्नावरची वासना जाते. पूर्वी तीन भाकऱ्या खाणारा माणूस एका भाकरीवर थांबतो आणि त्याचा घेर मात्र वाढतो. हा विरोध दिसला की अपचनाच्या पलीकडे विचार करायला हवा.

हीच लक्षणे सर्वांत जास्त काळ चुकीच्या औषधांवर काढली जातात. आधी ॲसिडिटीच्या गोळ्या, मग ओवा-हिंग, मग पोटाची सोनोग्राफी, आणि तिच्यात "यकृत मोठे" असे आले की कावीळ समजून झाडपाल्याचे औषध. यकृतातल्या साठ्यामुळे डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर सौम्य पिवळसर झाक खरोखरच येऊ शकते आणि रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) वाढलेले असू शकते, पण मूळ आजार यकृतात नसतो. अशा थकलेल्या यकृतावर अज्ञात पाल्याचा भार टाकणे धोक्याचे आहे. पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात असेल, तर त्यात यकृतातल्या शिरा किंवा पोटातली मुख्य शीर रुंद झाल्याचा उल्लेख आहे का, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. तो उल्लेख हृदयाकडे बोट दाखवतो.

पायांच्या मानाने पोट आधी आणि जास्त फुगले, आणि पूर्वी टीबी झालेला असेल, तर हृदयाभोवतीचे आवरण कडक झाले असण्याची शक्यता डॉक्टरांपुढे स्पष्टपणे मांडावी. हे निदान बरेचदा उशिरा होते, आणि शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकणाऱ्या थोड्या कारणांपैकी ते एक आहे.

टप्पा ७: श्वास, थकवा आणि रात्रीची लघवी यांची नोंद

"दम लागतो का?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे येते, कारण माणसाने नकळत चालणेच कमी केलेले असते. त्याऐवजी ठरावीक कामाशी तुलना करावी: देवळापर्यंत जाताना आता कितीदा थांबावे लागते, एक जिना एका दमात चढता येतो का, आंघोळ करून आल्यावर बसावे लागते का, चप्पल घालायला किंवा केर काढायला वाकले की अर्ध्या मिनिटात कोंडल्यासारखे होते का. दोन महिन्यांपूर्वी काय होते ते शेजारी लिहावे.

बिघाड फक्त उजव्या बाजूचा असेल तर रुग्ण कधी कधी सपाट झोपू शकतो, म्हणून "झोपताना त्रास नाही" यावरून निर्धास्त होऊ नये. उशा वाढवाव्या लागणे किंवा झोप लागल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठून बसणे हे डाव्या बाजूचाही सहभाग असल्याचे सुचवते. चढण चढताना किंवा ओझे उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ते फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचे लक्षण असू शकते आणि ते गंभीर मानावे.

दिवसा लघवी कमी आणि रात्री तीन-चार वेळा, हे प्रोस्टेटचे किंवा साखरेचे लक्षण मानले जाते आणि अनेकदा ते तसे असतेही. पण दिवसा पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडांतून बाहेर पडते, हेही कारण असते. म्हणून ही नोंद सुटी न ठेवता सुजेच्या शेजारीच करावी.

एका दिवसाची नोंद साधारण अशी दिसावी: मंगळवार, सकाळी ६.३०. वजन ६२.४. दोन्ही नडग्यांवर उथळ खळगा, २० सेकंदांत भरला, गुडघ्यापर्यंत नाही. पोट ९१, पोटऱ्या ३३ आणि ३३.५. मानेची शीर सरळ बसल्यावर दिसली नाही. रात्री लघवी ३ वेळा. दोन उशा. जिना मध्ये एकदा थांबून.

तपासा: सूज नेमकी हृदयाचीच आहे का?

• रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ही गोळी सुरू केल्यावर किंवा तिचा डोस वाढवल्यावर आलेली घोट्यांची सूज बहुधा गोळीचीच असते. वजन आणि मान तेव्हा शांत असतात. गोळी स्वतः बंद करू नये, डॉक्टर पर्याय देतात.
• डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, स्टेरॉइड आणि मधुमेहावरची पायोग्लिटाझोन ही औषधे शरीरात पाणी धरतात. हृदय आधीच कमजोर असेल तर ती त्रास वाढवतात.
• सकाळी डोळ्यांखाली आणि चेहऱ्यावर आधी सूज आणि लघवीला फेस असेल, तर प्रथम मूत्रपिंडांकडे पाहावे.
• दाबून खळगा पडत नाही अशी टणक सूज थायरॉइडची किंवा हत्तीरोगाची असू शकते. पूर्व विदर्भात हत्तीरोग ध्यानात ठेवायलाच हवा.
• रक्त फार कमी असणे, रक्तातली प्रथिने घटणे, पायांच्या शिरा फुगणे आणि गर्भारपण यांतही दोन्ही पाय सुजतात. गर्भारपणात सुजेबरोबर डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे काजवे असतील, तर त्याच क्षणी रक्तदाब तपासावा.

एका व्यक्तीत दोन कारणे एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे गोळीचे कारण सापडले म्हणून वजन पाहणे थांबवू नये.

टप्पा ८: किती घाई करायची ते ठरवा

लगेच १०८ ला फोन करा, महाराष्ट्रात आणि गोव्यातही: बसल्या जागी धाप लागून वाक्य पूर्ण होत नाही, छातीत दुखते, शुद्ध हरपली, ओठ किंवा जीभ निळसर झाली, खोकल्यातून गुलाबी फेस किंवा रक्त आले, हातपाय थंड, घाम आणि गोंधळलेले बोलणे आहे, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजनचे प्रमाण नेहमी चांगले असणाऱ्याचे ९० टक्क्यांच्या खाली गेले. जुन्या फुफ्फुसविकाराच्या रुग्णाची नेहमीची पातळीच ८८ ते ९२ असू शकते. त्याच्यासाठी डॉक्टरांनी दिलेला आकडा प्रमाण मानावा आणि घरच्या ऑक्सिजन मशीनचा प्रवाह आपल्या मनाने वाढवू नये. बोट थंड असेल किंवा नखाला रंग असेल तर ऑक्सिमीटर चुकीचे आकडे दाखवतो. मात्र माणूस निळा पडलेला असताना ऑक्सिमीटरशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

ऑपरेशन, प्लॅस्टर, दीर्घ विश्रांती किंवा लांबचा प्रवास यांनंतर अचानक धाप लागली, तर फुफ्फुसात गुठळी गेल्याचा संशय धरून हीच घाई करावी.

त्याच दिवशी डॉक्टर: तीन दिवसांत २ किलो वाढ, सरळ बसल्यावर दिसणारी मानेची शीर, गुडघ्याच्या वर चढलेली सूज, झपाट्याने वाढलेला पोटाचा घेर, लघवी खूपच कमी होणे, एका पायाची सूज.

याच आठवड्यात डॉक्टर: सकाळपर्यंत टिकणारी सौम्य सूज, उजव्या बरगडीखालचा जडपणा, कमी होत चाललेली भूक, पूर्वीच्या कामात आता लागणारा दम.

सावधान: शेजाऱ्यांची लघवीची गोळी "एक घेऊन बघा" म्हणून घेऊ नका. चुकीच्या डोसने सोडियम-पोटॅशियम बिघडते, रक्तदाब पडतो, आणि सूज तात्पुरती उतरल्यामुळे खरे कारण झाकले जाते. छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही ज्यांना लिहून दिलेली नाही त्यांना देऊ नका. झटका उजव्या कप्प्याला आलेला असेल तर त्या गोळीने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

टप्पा ९: डॉक्टरांपुढे वही कशी मांडायची

आधी बदल सांगावा, मग तक्रार. "१० दिवसांत ४ किलो वाढले, सूज आता सकाळीही असते, दोन भाकऱ्यांऐवजी एकच जाते, जिन्यात थांबावे लागते" ही चार वाक्ये तपासणीची दिशा ठरवतात. वहीचे औषधांचे पान आणि जुने रिपोर्ट सोबत असावेत. ईसीजी, छातीचा एक्स-रे, इको, आणि रक्तात हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, यकृताच्या व थायरॉइडच्या चाचण्या, लघवीतली प्रथिने एवढे साधारणतः सांगितले जाते. शंका असेल तर एनटी-प्रोबीएनपी ही हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणीही करतात.

इकोच्या रिपोर्टबाबत एक चूक शिकलेल्या घरांतही होते. सगळ्यांची नजर ईएफ या आकड्यावर जाते, तो ६० असला की "हार्ट एकदम नॉर्मल" म्हणून फाइल बंद होते. ईएफ हा डाव्या कप्प्याचा आकडा आहे: एका ठोक्याला तो आपल्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलतो ते. उजवा कप्पा कमजोर असतानाही तो ६० असू शकतो. म्हणून डॉक्टरांना वेगळे विचारावे: उजवा कप्पा मोठा झाला आहे का, त्याचा टॅप्सी, म्हणजे आकुंचनाचे माप, किती आहे (१७ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे आकुंचन कमी), फुफ्फुसांच्या रक्तवाहिनीतला दाब किती, पोटातून येणारी मुख्य शीर २.१ सेंटीमीटरपेक्षा रुंद आहे का आणि श्वास घेताना ती निम्म्याने तरी आकसते का. रिपोर्टमध्ये उजव्या बाजूबद्दल एकही ओळ नसेल, तर ती लिहून मागण्यात काहीच गैर नाही.

उपचार सुरू होऊन सूज उतरल्यावर, पाणी निघून गेल्यानंतरचे आपले वजन किती असावे हा आकडा डॉक्टरांकडून विचारून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहावा. त्याच्या खाली, त्याहून किती किलो वाढल्यावर फोन करायचा आणि कोणत्या नंबरवर, हेही लिहून घ्यावे.